पाठाची चित्रफीत : हाती असलेल्या साधनांतून

निवासी शाळेत असूनही आमची काही मुले ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि त्यांचे पाठ बुडतात. घरातल्या एकुलत्या मोबाईलवर रात्री तोच पाठ त्यांना पाहता यावा, एवढ्यासाठीच आम्ही चित्रफिती करू लागलो.

एका चित्रफितीत एकच प्रश्न घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. ‘महाड’ हा विषय मोठा आहे. परंतु ‘तळे खुले झालेले असताना सत्याग्रह का करावा लागला?’ हा प्रश्न सहा मिनिटांत मांडता येतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. या चार घटना फळ्यावर एका रेषेत मांडल्या, की कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर मुलांना दिसते.

चित्रणासाठी मोबाईल आडवा धरून पुस्तकांच्या थप्पीला टेकवावा, खिडकी पाठीशी न घेता समोर घ्यावी, पंखा बंद करावा आणि फोन विमान-मोडवर ठेवावा. चित्र थोडे अंधूक असले तरी चालते. आवाज अस्पष्ट असला तर पाठच वाया जातो. म्हणून कॉलरला लावायचा साधा माईक हीच काय ती खरेदी.

इतिहासाच्या शिक्षकाने एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. जब्बार पटेल यांच्या चित्रपटातले दृश्य १९२७ चे प्रत्यक्ष चित्रण म्हणून दाखवू नये. मुले ते खरे मानतात, आणि एकदा पसरलेली फीत परत बोलावता येत नाही. त्यापेक्षा फळ्यावर हाताने काढलेला तळ्याचा नकाशा अधिक प्रामाणिक. तारखाही चित्रणापूर्वीच शासनाने प्रकाशित केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांशी ताडून घ्याव्यात. फिरत्या संदेशांवर विसंबू नये.

वाटपासाठी सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूल गावी निघण्यापूर्वीच पालकाच्या फोनमध्ये ब्लूटूथने फीत घालणे. त्याला डेटा लागत नाही. त्यासाठी चित्रण ७२० पिक्सेलवर करावे, म्हणजे फाईल आटोपशीर राहते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेली फीत शोधात सापडत नाही, पण दुवा हाती आलेला कोणीही ती पाहू शकतो. त्यामुळे वसतिगृहातील मुलांचे चेहरे आम्ही त्यात येऊच देत नाही. मुलांचे प्रश्न आवाजातच येतात.

फडावरून परतलेल्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर तीच रेषा काढायला सांगतो. तारखा चुकल्या तरी हरकत नाही; क्रम चुकला, तर फीत पुन्हा लावतो.