उलटा करून गुणा... पण का?

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. रूमवर गोंधळ चालू होता, म्हणून मी जर्नल घेऊन मेसमध्ये बसले होते. मेसच्या मावशींची मुलगी सहावीत आहे. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "ताई, हे का चुकलं गं?"

गणित होतं ६ ÷ ३/४. तिनं ते १/६ × ३/४ असं करून उत्तर १/८ काढलं होतं.

"अगं, दुसऱ्या संख्येचा रेसिप्रोकल घ्यायचा आणि गुणायचं," मी झटकन म्हणाले.

"म्हणजे गुणाकार व्यस्त ना?" (मी पडले कॉन्व्हेंटची, हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला!) "पण दुसऱ्याचाच का? पहिल्याचा का नाही?"

मी गप्प. एम-थ्रीमध्ये लाप्लास सोडवणाऱ्या मला सहावीतल्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी आजवर नुसता नियम पाठ केला होता. ती वही मिटत म्हणाली, "बाई म्हणतात नियम आहे. माझ्या लक्षातच राहत नाही. मला गणित येतच नाही." हे मात्र मला लागलं.

तेवढ्यात ओटा पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "सहा लिटर दूध पाऊण लिटरच्या भांड्यानं मोजायचं, असंच ना? आठ भांडी होतील."

"कशी काय?"

"सहा लिटरचे चोवीस पाव. पाऊण म्हणजे तीन पाव. चोवीसात तीन आठ वेळा."

मित्रांनो, मावशींनी काय केलं बघा. आधी ६ ला ४ ने गुणलं, कारण एका लिटरमध्ये ४ पाव असतात. मग ३ ने भागलं, कारण एका भांड्यात ३ पाव मावतात. ४ ने गुणणं आणि ३ ने भागणं म्हणजेच ४/३ ने गुणणं. झाला की अपूर्णांक उलटा! आणि उलटा होतो तो भाजकच, कारण आपण मोजतोय दूध आणि माप आहे पाऊण लिटरचं.

आता हा ४/३ म्हणजे नक्की काय? एका भांड्यात ३/४ लिटर दूध मावतं, तर एका लिटरमध्ये ४/३ भांडी होतात. एक भांडं पूर्ण भरतं आणि पाव लिटर उरतं. ते पाव लिटर म्हणजे भांड्याचा तिसरा हिस्सा, चौथा नव्हे. इथे पुष्कळजण फसतात. एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितली की ३/४ आणि ४/३ मिळतात. म्हणूनच त्यांचा गुणाकार १ येतो. शून्याला मात्र व्यस्त नाही. शून्य लिटरच्या भांड्यानं कितीही वेळा काढलं तरी दूध संपणार कसं?

भागाकार करूनही उत्तर ६ पेक्षा मोठं कसं, हीही शंका येते. माप एक लिटरपेक्षा लहान, म्हणून मापं जास्त लागतात, इतकंच. 'अर्धं करणं' आणि 'अर्ध्यानं भागणं' यात हाच फरक आहे. ६ चे अर्धे ३, पण ६ मध्ये अर्धे १२.

तिच्या चुकीतही एक गंमत सापडली. तिचं १/८ हे खऱ्या उत्तराचं, म्हणजे ८ चं, व्यस्त आहे. भाजकाऐवजी भाज्य उलटा केला की दरवेळी असंच होतं. 'एका भांड्यात किती दूध' आणि 'एका लिटरला किती भांडी' यांसारखे प्रश्नच उलटे होतात.

आपल्या लॅबमध्येही हेच आहे. रेझिस्टन्स म्हणजे एका अँपिअरला किती व्होल्ट आणि कंडक्टन्स म्हणजे एका व्होल्टला किती अँपिअर. आज कंडक्टन्सचं एकक सीमेन्स आहे, पण जुन्या पुस्तकांत ते 'म्हो' असतं. ओहमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, कळेल!

हा नियम काही नवा नाही. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त तो सांगितला आहे. मी मात्र तो विसाव्या वर्षी मावशींच्या ओट्यापाशी शिकले.

नंतर मी तिला २ १/२ ÷ ५/८ घातलं. ती पुटपुटली, "अडीच म्हणजे वीस अष्टमांश... मापात पाच... चार!" नियम तिनं आठवलाच नाही, तिला त्याची गरजच पडली नाही. वही उघडी ठेवून तिनं पुढचं गणित घेतलं.

माझं जर्नल मात्र त्या रात्री अपुरंच राहिलं. पण त्यात न विचारता उतरवलेली सूत्रं किती आहेत, ते आता एकदा मोजायला हवं.