एका रात्रीत कीड मेली, तर सावध व्हा

मिरचीवर चुरडा दिसला, पानं आखडू लागली, की आमच्या भिवापूरकडे पहिली धाव कृषी केंद्राकडे असते. मीही गेलो. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ छापलेली बाटली हाती आली. वर झाडपाल्याचं चित्र, घटकांचा मात्र पत्ता नाही. फवारलं. सकाळी पानावर एकही फुलकिडा जिवंत नव्हता. ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या, हे मित्रकीटकही पडले होते. थोड्याच दिवसांत फुलकिडे परतले, आणि आता त्यांना खाणारं शेतात कुणी उरलं नव्हतं. मागोमाग कोळी आला. फुलकिड्यांनी पानांच्या कडा वर वळतात, कोळ्यानं खाली. माझ्या वावरात दोन्ही तऱ्हा होत्या.

बाटलीत काय होतं, ते मला सिद्ध करता येणार नाही. निंबोळी मात्र असं काम करत नाही. ती किडीची भूक मारते, कात टाकू देत नाही. परिणाम दिसायला काही दिवस जातातच. एका रात्रीत शेत साफ झालं, तर शंका घ्या.

त्यानंतर निंबोळीचा अर्क घरीच करतो. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवायच्या; त्या वर्षभर जुन्या झाल्या की दम जातो. पाच किलो भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी कापडातून गाळायचा, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर करायचा. हाच पाच टक्क्यांचा अर्क. फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. उन्हात त्यातलं औषध लवकर विरतं, तरी दुपारी पंप पाठीवर घेणारे आहेतच!

तंबाखूचा काढा मात्र कुणी सांगितला तरी करू नका. निकोटिन हे जहाल विषच. वर तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरचीलाही धरतो. तंबाखू मळलेले हात रोपांना लावण्याआधी साबणाने धुवा. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तोंडाला फडकं न बांधता फवारू नका. 2017 मध्ये आमच्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती रासायनिक औषधं होती, पण पंप तोच, सवयीही त्याच.

खरं तर अर्धी लढाई रोपवाटिकेतच ठरते. चुरडा किडींसारखाच विषाणूनेही येतो, आणि तो विषाणू पांढरी माशी आणते. कोवळ्या रोपात शिरला की कोणताही अर्क त्याला काढत नाही. म्हणून वाफ्यावर बारीक जाळी हवीच. लागवडीआधी बांधाकडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी, आत फुलकिड्यांसाठी निळे आणि माशीसाठी पिवळे चिकट सापळे. युरियाचा हात आखडता ठेवा. लुसलुशीत पाल्यावर रसशोषक किडी आधी बसतात. 2021 मध्ये तेलंगणा-आंध्रात काळ्या फुलकिड्यांनी मिरची झोपवली. हा किडा फुलांत लपतो, म्हणून नुसती पानं उलटून भागत नाही. फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघा.

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. सेंद्रिय म्हणून विकलेल्या मालात रसायनाचा अंश निघाला, तर बट्टा साऱ्या तालुक्याला लागेल. तयार कीटकनाशक, जैविक असलं तरी, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं लागतं. भाऊ, बाटलीवर नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नका. घेतलीच तर पक्कं बिल मागा, लेबलचा फोटो ठेवा, आणि संशय आला की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.