हळदीचे गुण आणि पुरावा

सांगली हे हळदीच्या व्यापाराचे गाव. जवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत. सातारा जिल्ह्यातही हळदीचे पीक घेतात. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन हळद कोठली ते सांगते. तिने कोणता रोग बरा होतो, ते सांगत नाही.

एक प्रयोग करा. हळद पाण्यात कालवून तीत चिमूटभर पानाचा चुना टाका. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.) रंग तांबडा होतो. चुना आम्लारी आहे आणि हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लारीत तांबडे होते. हे विधान तुम्ही मिनिटभरात पडताळून पाहिलेत. पण ‘हळदीने सांधेदुखी जाते’ हे विधान कसे पडताळायचे?

परीक्षानळीत कर्क्युमिन पुष्कळ गुण दाखवते. शरीरात मात्र अडचण येते. १०० ग्रॅम हळदीत ते सुमारे ३ ग्रॅमच असते आणि पोटात गेलेले बहुतेक रक्तात पोचतच नाही. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी त्याबरोबर मिऱ्यातील पायपेरीन दिले, तेव्हा शोषण सुमारे २० पट वाढले. पण रक्तात पोचणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे.

त्यासाठी रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला व डॉक्टरलाही ठाऊक नसते. २०२० साली ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीच्या ७० रुग्णांवर असा प्रयोग झाला. हळदीच्या अर्काने वेदना काहीशी कमी झाली. गुडघ्यातील सूज मात्र हटली नाही. म्हणजे पुरावा आहे, पण थोडा. कर्करोग बरा होतो, असे तर सिद्धच झालेले नाही.

शिवाय अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबाबतही तसेच आढळले आहे. आमटीतली चिमूट वेगळी आणि गोळीतला अर्क वेगळा!

आता वर्गात एक काम करा. ‘शास्त्राने सिद्ध’ असे म्हणणाऱ्या पाच जाहिराती जमवा आणि प्रत्येकीला विचारा : प्रयोग नळीत की माणसांवर? किती जणांवर? तुलना कशाशी? उत्तर मिळाले नाही, तर वहीत लिहा : ‘अद्याप सिद्ध नाही’.