सायकलींचा खप घटला, म्हणजे नेमकं काय घटलं?

प्रश्न : इचलकरंजीत माझ्या तरुणपणी मागाची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. आता तसं दिसत नाही. पण सायकलचं दुकान पूर्वीपेक्षा मोठं झालंय, आत नाना तऱ्हेच्या सायकली टांगलेल्या असतात आणि रविवारी पहाटे हेल्मेट घातलेली मंडळी कोल्हापूर रस्त्याला लागलेली दिसतात. तरी दुकानदार म्हणतो, ‘काका, खप पार पडलाय.’ हे कसं काय? दुसरं असं, की घरात एक सायकल घ्यायची आहे. मी पासष्टीचा, सून शाळेत शिक्षिका, नातू चौथीत. तिघांना चालेल अशी एकच सायकल सुचवाल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय आणि तुम्हाला दिसलं तेही खरं आहे. ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर सायकलचा धंदा उभा होता, ते गिऱ्हाईक दुकानाकडे येईनासं झालं. त्याच्या जागी जी नवी मंडळी आली, ती संख्येने त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

ते जुनं गिऱ्हाईक म्हणजे तुमचा मागवाला. त्याच्यासोबत दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, शिपाई, गवंडी, शाळामास्तर. या सगळ्यांची सायकल एकच असायची : काळी, मोठ्या चाकांची, सळईच्या ब्रेकची, मागे दणकट कॅरिअर आणि पोलादी स्टँड. धंद्यात तिला आजही ‘स्टँडर्ड’ म्हणतात. वजन वीस किलोच्या आसपास, पण मागे दुधाचे कॅन लटकवा नाहीतर बायको-पोरांना बसवा, ती तक्रार करत नसे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत देशातले मोठे कारखाने उभे राहिले ते हिच्यासाठी. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. १९८६ मध्ये हीरोचं नाव जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. आणि ३ जून २०२० रोजी, म्हणजे बरोबर जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला, कारण कच्चा माल घ्यायलाही पैसे उरले नव्हते. कंपनीच्या अडचणी तिच्या स्वतःच्याही होत्या, पण ज्या मालावर ती वाढली त्या मालाची मागणी आटत चालली होती हेही खरं.

हे गिऱ्हाईक गेलं कुठे, याचं उत्तर पुण्याकडे पाहिलं की मिळतं. ज्या शहराला सायकलींचं शहर म्हणत, त्याच शहराच्या परिसरात १९७२ साली कायनेटिकची लुना आणि बजाजची चेतक या दोन्ही गाड्या आल्या. ज्याला चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबणं परवडत नसे, तो लुना घेई. १९८५ मध्ये कमी पेट्रोल पिणारी हीरो होंडा आली, पुढे मुलींसाठी हलक्या स्कूटर आल्या, हप्त्यांवर कर्ज मिळू लागलं. दरम्यान शहरही पसरलं. १९९७ मध्ये आसपासची गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला, अशी अंतरं झाली. पेठेतून डेक्कनला सायकलने जाणं वेगळं आणि कात्रजहून हिंजवडीला जाणं वेगळं. त्यात रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला, उड्डाणपूल आले. सायकलसाठी जे वेगळे पट्टे आखले गेले ते मध्येच तुटतात, नाहीतर त्यांच्यावर गाड्या लावलेल्या असतात. त्यामुळे ज्याला जमलं त्याने मोटारसायकल घेतली. त्याला मी नावं ठेवणार नाही. मान मोडेपर्यंत पायडल मारून कामावर जाणाऱ्या माणसाने इंजिनाची सोय पत्करली, यात चूक काहीच नाही. खंत वाटते ती एवढीच, की ज्याला आजही सायकलच परवडते आणि ज्याला ती मनापासून चालवायची आहे, त्या दोघांनाही आपण रस्त्यावरून कडेला ढकललं.

आता एक आकडा पाहा, तो विचार करायला लावणारा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि २१ टक्के घरांत स्कूटर किंवा मोटारसायकल. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सायकल आणि दुचाकी गाडी, दोन्ही निम्म्या-निम्म्या घरांत निघाल्या. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे टक्क्याला टक्का लावून बघू नये. पण घरातून सायकल हद्दपार झाली नाही, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं. माझ्या मते घरातली सायकल बापाकडून मुलाकडे गेली. पूर्वी ती कमावत्याची होती, आता शिकणाऱ्याची झाली.

म्हणूनच खपाच्या आकड्यावरून सायकल किती चालते हे कळत नाही. जुनी स्टँडर्ड तीस-तीस वर्षं चालायची. अशा सायकली घरोघरी असतील तर नवा खप कमी राहणारच, पण रस्त्यावर सायकली भरपूर दिसणार. याउलट मुलाची सायकल दोन-तीन वर्षांत तोकडी होते आणि जिन्याखाली जाते. खपात तिची नोंद होते, रस्त्यावर ती दिसत नाही. त्यात सरकारी खरेदीचा भाग मोठा आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पुढे पश्चिम बंगालनेही मोठी योजना आणली आणि आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. एखाद्या राज्याची निविदा लांबली तर लाखो सायकली त्या वर्षीच्या हिशोबातून निसटतात, आणि मग खप पडल्याची ओरड होते. सायकल चालवणाऱ्या मुली मात्र तेवढ्याच असतात.

तुमच्या दुकानदाराचं दुखणं बहुधा याहून ताजं आहे. २०२० मध्ये टाळेबंदीने व्यायामशाळा बंद पडल्या, बस-लोकलची भीती वाटू लागली आणि लोक सायकलींवर तुटून पडले. जगभर तेच झालं. कारखान्यांनी आणि दुकानदारांनी त्या भरात ऑर्डरी दिल्या, आणि माल हातात पडेपर्यंत ज्यांना घ्यायची होती त्यांनी घेऊन झाली होती. २०२२ पासून गोदामं भरलेली आणि गिऱ्हाईक थंड, अशी गत झाली. युरोपात त्याच काळात आणखी एक बदल दिसला. जर्मनीत २०२३ मध्ये एकूण सायकली पूर्वीपेक्षा कमी विकल्या गेल्या, पण त्यांत निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लांबून कामावर येणाऱ्यांना त्यांच्या गरजेची सायकल मिळाली, म्हणून त्यांनी ती घेतली.

आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. ‘सायकलवाला’ असा एक माणूस नसतो. तुम्हाला पहाटे दिसणारी मंडळी पाहा. त्यांच्यातले काही ब्रेव्हे करतात, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरं करायचं. त्यांना हलकी, अरुंद टायरची, अंग पुढे झुकवणारी सायकल हवी आणि त्यासाठी ते चांगली मोटारसायकल येईल एवढे पैसे मोजायला तयार असतात. महाराष्ट्रातल्या या मंडळींनी मोठं कामही केलंय. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांची सायकल पाहून सिक्युरिटीच्या नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या सायकलचा विचार करता येत नाही. त्याला रात्री घरी परतताना दिवा हवा, पावसात धरणारा ब्रेक हवा, डबा आणि रेनकोट ठेवायला कॅरिअर हवं, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येईल असा सांगाडा हवा. शाळेच्या मुलीला दप्तराला जागा, चिखलाला मडगार्ड आणि ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी.

दुकानात मात्र या सगळ्यांपुढे एकच रूप ठेवलं जातं : डोंगरात चालवण्याच्या सायकलसारखं दिसणारं. जाड टायर, पुढे स्प्रिंगचा फोर्क, एकवीस गिअर, भडक रंग. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा वेगळी घ्यावी लागते. स्वस्तातला तो फोर्क सायकलचं वजन वाढवतो आणि चढावर पायांचा जोर गिळतो. जाड खोबणीदार टायर डांबरी रस्त्यावर ओढत नेल्यासारखं वाटतं. गिअर महिन्याभरात खरखरू लागतात आणि गावातल्या मिस्त्रीला ते लावता येत नाहीत. पोरगा चार दिवस मिरवतो, दमतो आणि सायकल गॅलरीत उभी राहते. मग घरचे म्हणतात, आजकालच्या मुलांना सायकल नकोच. मला हे पटत नाही. त्याला चुकीची सायकल मिळाली, एवढंच झालं.

आणि ज्याला सर्वांत जास्त गरज, त्या कामकऱ्याच्या स्टँडर्डमध्ये गेल्या साठ-सत्तर वर्षांत जवळपास काहीच सुधारलं नाही. पोलादी रिमवर सळईचा ब्रेक पावसात नीट धरत नाही, हे कारखानदारांना माहीत आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिम, चांगले ब्रेकचे रबर, पक्का बसवलेला दिवा आणि पाच-सहा किलो कमी वजन, एवढं करणं अवघड नाही. पण गरीब गिऱ्हाईक काय, मिळेल ते घेईल, असं धरून चालल्यामुळे ते केलं गेलं नाही. ते गिऱ्हाईक हप्त्याच्या मोटारसायकलकडे वळलं, यात नवल ते काय? सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे बरंच झालं. पण किमतीतला तेवढा फरक एकट्याने हे गिऱ्हाईक परत आणेल असं मला वाटत नाही. सायकल आणि रस्ता दोन्ही सुधारावे लागतील.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तिघांना एक सायकल चालणार नाही. घेऊ नका.

नातवाची वेगळीच घ्या, आणि कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, ब्रेकच्या मुठीपर्यंत त्याची बोटं सहज पोचली पाहिजेत. चौथीतल्या मुलाला उंचीप्रमाणे २० किंवा २४ इंची चाक लागतं. गिअर नकोत. ओळखीत कुणाची तोकडी झालेली असेल तर ती घ्या, ओव्हरहॉल करून चाकांची आऊट काढून घ्या, नव्यासारखी चालेल.

तुम्ही आणि सूनबाई मात्र एक सायकल वाटून घेऊ शकता. मधली नळी खाली असलेली, जिला पूर्वी लेडीज सायकल म्हणत, ती घ्या. साडी असो की दुखरे गुडघे, चढ-उतार दोघांनाही सोपी जाते. हँडल उंच, म्हणजे पाठ ताठ राहते. सीट हाताने खाली-वर करता येईल असा खटका बसवून घ्या. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली गेलं की गुडघा सरळ व्हावा, तेवढी तुमच्या सीटची उंची. दोघांच्या उंचीच्या खुणा नळीवर करून ठेवा. मडगार्ड, चेनकव्हर, मागची जाळी आणि कॅरिअर दुकानदाराकडून आधीच लावून घ्या. शाळेच्या वाटेवर मोठा चढ असेल तर विजेची मदत देणारी सायकलही बघायला हरकत नाही. मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. पण ती बरीच जड असते, म्हणून घरी पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागणार असेल तर घेऊ नका.

कोणतीही घेतली तरी आठवड्याला हवा बघा. खरेदीला जाल तेव्हा सूनबाईंना आणि नातवाला सोबत न्या, आणि पैसे देण्याआधी दोघांनाही रस्त्यावर एक चक्कर मारून येऊ द्या.