आधी यंत्र ओळखावं

जिनिव्हाजवळच्या सेसी या फ्रेंच गावाखाली, सुमारे शंभर मीटर खोल, सर्नचा सीएमएस शोधक उभा आहे. त्याच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचं, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचं, बरंच काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) झालं, आणि माझी नोकरी त्याच्याच अवतीभवती गेली. नव्या मुलामुलींना मी सांगत असते ते असं:

१. याल कण शोधायला, पण हातात आधी प्लास्टिक येईल. सिंटिलेटरच्या फरश्या, त्यांत कोरलेल्या खाचा, खाचांत बसवलेले फायबर. कण आरपार गेला की फरशी क्षणभर उजळते, फायबर तो उजेड बाहेर नेतो. तपासणीसाठी म्यूऑन आकाशातून फुकट पडतच असतात. हे कारागिराचं काम म्हणून नाक मुरडणारे पुढे आलेख वाचतानाही अडखळतात.

२. यंत्र आराखड्याबरहुकूम वागत नाही. आमच्याकडे प्रकाश मोजायला हायब्रिड फोटोडायोड होते. मुख्य चुंबकाचं क्षेत्र ३.८ टेस्लाचं. त्याच्याबाहेरच्या क्षीण, वाकड्यातिकड्या क्षेत्रात हे डायोड मधूनच ठिणगी टाकत आणि कण नसतानाही सिग्नल येई. प्रवेगक बंद होता त्या २०१३-१४च्या काळात त्यांच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आले. तोवर खोटे सिग्नल आम्हाला खऱ्यांपेक्षा जास्त पाठ झाले होते. ती ओळख पुढे जन्मभर पुरली.

३. आलेखात उंचवटा दिसला की पेढे वाटू नका. डिसेंबर २०१५मध्ये सर्नचाच दुसरा शोधक ॲटलस आणि आमचा सीएमएस, दोघांनाही दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला. सिद्धांतवाल्यांनी शेकड्यांनी पेपर लिहिले (त्यांना कागदापलीकडे खर्च नसतो!). ऑगस्ट २०१६मध्ये, शिकागोच्या कणभौतिकी परिषदेपर्यंत, जास्त डेटा आला आणि उंचवटा विरून गेला. चूक कुणाचीच नव्हती. इतक्या ठिकाणी शोधल्यावर कुठेतरी योगायोग उभा राहणारच. म्हणून पाच सिग्माचा हट्ट: निव्वळ योगायोगाची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. म्हणूनच २०१२मध्ये हिग्ज कण शोधताना सगळे निकष ठरेपर्यंत आम्ही त्या भागातला डेटा स्वतःपासूनच झाकून ठेवला होता.

४. शिफ्टच्या नोंदवहीत ‘सर्व ठीक’ लिहू नका. काय बघितलं ते लिहा.

५. प्रवेगकात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना भिडतात. त्यांतल्या काही हजार घटना साठवता येतात. उरलेल्या तिथल्या तिथे जातात, कायमच्या. काय ठेवायचं हे ट्रिगर ठरवतो, म्हणजे तो लिहिणारी माणसं आधीच ठरवून बसलेली असतात. शोध लावण्याइतकीच जबाबदारी तिथे आहे, पण ट्रिगरवाल्यांचे सत्कार होत नाहीत.

६. पेपरवर नाव शोधायला चष्मा लागतो. हिग्जच्या वस्तुमानावरचा ॲटलस-सीएमएसचा २०१५चा संयुक्त पेपर ३३ पानांचा, त्यातली २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या याद्यांची. लेखक पाच हजारांवर. म्हणून मुलाखतीत मी पेपर किती हे विचारतच नाही. कुठलं कॅलिब्रेशन तुमचं, आणि ते बिघडलं तर मध्यरात्री फोन कुणाला येतो, एवढंच विचारते.