‘भामटा’ या शब्दाविषयी

मराठी वर्तमानपत्राचे आतले पान उघडले की ‘भामटा’ हा शब्द दोन-चार दिवसांआड भेटतोच. पोलीस असल्याची बतावणी करून म्हातारीचे दागिने नेणारा भामटा, नोकरी लावतो म्हणून गंडा घालणारा भामटा. हा शब्द लिहिताना वार्ताहराच्या मनात कोणतीही जात नसते, हे मला मान्य आहे. परंतु महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी पाहावी. तीत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार अशी १४ नावे आहेत आणि ‘भामटा’ व ‘राजपूत भामटा’ ही त्यांतलीच दोन आहेत. म्हणजे एखाद्या मुलाच्या दाखल्यावर जो शब्द सरकारी शिक्क्यानिशी असतो, तोच रोज चोर या अर्थाने छापून येतो. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, हे शाळेत आपल्याला कुंभकर्णाच्या उदाहरणाने शिकवले. कुंभकर्ण निदान तक्रार करायला येत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. चोरीची बातमी आली की वडील हमखास विचारतात, “कोण होते रे? पारधी का?” बातमीत तसा शब्दही नसतो. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. ‘तुम्ही लोक असेच’ हे मुकादमाचे वाक्य त्यांनी स्वतः अनेकदा ऐकून घेतलेले आहे. तरीही हा प्रश्न त्यांच्या तोंडी येतो. तो येतो कोठून, याचा शोध घेण्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला.

त्याचे एक मूळ १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यात सापडते. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसाच गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा तर्क होता. एखादी जमात एकदा यादीत घातली की तिच्यातल्या माणसांची नोंद, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडताना पास. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता. १९११ च्या कायद्याने हे सारे मुंबई इलाख्यालाही लागू झाले. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. विशेष असे की रामोशी मुळात गावाचा राखणदार. त्याच समाजातल्या उमाजी नाईकांना १८३२ साली इंग्रजांनी पुण्यात फाशी दिले. पुढे राखणदारांची ही जातही गुन्हेगारांच्या यादीत गेली.

१९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतो, हे खरे. तरी बातमीतला ‘सराईत’ हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा पाल उभा राहतो, हे आपण सगळे जाणतो.

आता बातमीची भाषा पाहा. चोर पकडले म्हणजे ‘टोळी जेरबंद’ होते. बिबट्याही जेरबंदच होतो. पोलीस ‘मुसक्या आवळतात’, आणि मुसकी तर आपण बैलाला घालतो. बातमीच्या मजकुरात ‘संशयित’ असलेला माणूस मथळ्यात ‘चोरटा’ झालेला असतो. पुढे तो निर्दोष सुटला, तर ती बातमी येतेच असे नाही. आली तरी मथळ्याएवढी येत नाही.

याउलट सहकारी बँकेचा संचालक ठेवीदारांचे पैसे खातो तेव्हा भाषा एकदम सभ्य होते. त्याला म्हणतात ‘गैरव्यवहार’, ‘अपहार’, फार तर ‘अनियमितता’. रक्कम जितकी मोठी तितका शब्द संस्कृत! १९९२ च्या शेअर घोटाळ्यानंतर हर्षद मेहता बदनाम झाला, त्याची जात नाही. त्याचे जातभाई दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे दुकान उघडून बसले. पारध्याला ही सवलत नाही. त्याच्यातल्या एकाने कणसे तोडली की सगळ्या पालांची झडती होते.

यावर एका मित्राने मला विचारले, “मग चोराला चोर म्हणूच नये काय?” अवश्य म्हणावे. ज्याने चोरी केली त्याला, सिद्ध झाल्यावर, चोर म्हणावे. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला ‘उचल्या’ हेच नाव दिले. जगाने दिलेला शब्द त्यांनी स्वतः उचलून पुस्तकावर लावला. मथळे देणारा उपसंपादक तोच शब्द वापरतो तेव्हा गोष्ट निराळी असते.

शब्दाने माणूस मरतो काय, असेही तो मित्र म्हणाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हा त्यांच्या समाजाचा पूर्वापार रिवाज. त्याआधी कित्येक दिवस ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असे संदेश मोबाईलवरून फिरत होते. कोणाचेही मूल पळवले गेलेले नव्हते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. हे डवरी गोसावी १८७१ च्या यादीतलेही नव्हेत. तेथवर ‘टोळी’ हा शब्द पसरत गेला होता.

पुढच्या बातम्यांत सर्वत्र एकच शब्दप्रयोग होता : ‘मुले पळवणारी टोळी समजून’ पाच जणांची हत्या. मेल्यावरही वाक्यात आधी टोळी आली, मग माणसे.