अंशाधिक अपूर्णांकाचे पूर्णांकयुक्त रूप

शाळा-भेटीत एका मुलीस ११/४ चे पूर्णांकयुक्त रूप विचारले. तिने ‘३ पूर्णांक २/४’ लिहिले. रीत पाठ होती. भागाकार व बाकी यांची मात्र अदलाबदल झाली होती. मग विचारले, “अकरा चतकोर म्हणजे किती भाकरी?” बोटे मोजून ती म्हणाली, “पावणेतीन!” उत्तर तिच्या मुखी होते, पाटीशी त्याची गाठ घालून देण्याचे काम आपले होते.

म्हणून रीतीपूर्वी कृती घ्यावी. कागदाच्या तीन भाकरींचे चार-चार समान भाग करून त्यांतील अकरा मुलांना द्यावेत व जुळवून घ्यावेत. दोन भाकरी पूर्ण होतील, तीन चतकोर उरतील. त्यानंतरच फळ्यावर मांडावे :

११ ÷ ४ : भागाकार २, बाकी ३.
∴ ११/४ = २ पूर्णांक ३/४

भागाकार हा पूर्णांक, बाकी हा अंश. छेद तोच राहतो, कारण तुकड्याचा आकार बदललेला नाही. पडताळा : २ × ४ + ३ = ११.

तोंडी सरावास ५/४ सव्वा, ३/२ दीड, ७/४ पावणेदोन, ५/२ अडीच ही उदाहरणे घ्यावीत. घरचा शब्द व शाळेतील अंक एकच आहेत, हे मुलांना उमगले की रीत विसरली जाणार नाही.